फोटोवरून पेन्सिलीनं व्यक्तिचित्र: चेहरा जमतो तो शेडिंगच्या आधी

ज्याच्या हातात थोडीफार कला आहे, त्याच्यापुढे कधी ना कधी एक फोटो येतोच. "आमच्या आईचं काढून द्या ना." फोटो बहुतेक वेळा पासपोर्ट आकाराचा असतो, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला. काढणारा हौसेनं डाव्या डोळ्यापासून सुरुवात करतो. बुबुळ, त्यातली चमक, एकेक पापणी यात दोन तास जातात आणि डोळा खरोखर सुंदर होतो. मग नाक, ओठ, केस. शेवटी चित्र छान दिसतं, पण ती त्यांची आई नसते.

असं होण्याचं कारण साधं आहे. रस्त्याच्या पलीकडून येणारं ओळखीचं माणूस आपण पापण्या न दिसताच ओळखतो. डोक्याचा आकार, कपाळाची उंची, दोन डोळ्यांमधलं अंतर, गालाच्या हाडाखाली पडणारी सावली यांवरून ओळख पटते. साम्य तिथे असतं, बारकाव्यांत नसतं. म्हणून ए-फोर आकाराच्या एका चेहऱ्याला दहा-बारा तास लागणार असतील, तर त्यातले किमान तीन-चार तास शेडिंग सुरू होण्याआधीचे असायला हवेत. हे काम चार-पाच बैठकांत वाटून घ्यावं. एका रात्रीत संपवायला गेलं की डोळा थकतो आणि चुका दिसेनाशा होतात.

फोटो कसा हवा

फोटो आपण स्वतः काढू शकत असू तर निम्मं काम तिथेच होतं. माणसाला खिडकीजवळ असं बसवा की उजेड एका बाजूनं आणि थोडा वरून येईल. दुसरी बाजू सावलीत जाऊ द्या. फ्लॅश बंद ठेवा. समोरून पडलेला फ्लॅश नाकाची, गालाची, हनुवटीखालची सगळी सावली पुसून टाकतो, आणि सावलीच नसेल तर पेन्सिलीनं उठाव आणायचा कशातून? छताला लावलेला ट्यूबलाइटही फार उपयोगाचा नाही. त्यानं डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि माणूस आजारी दिसतो.

फोन चेहऱ्याजवळ नेऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं येतं, कान मागे जातात आणि चेहरा अरुंद दिसतो. ही चूक कॅमेऱ्याची नाही, अंतराची आहे. दोन मीटर मागे उभं राहून झूम करून काढलेल्या फोटोत नाक-कानाचं प्रमाण आपल्याला रोज दिसतं तसं येतं. सेल्फीवरून बिनचूक उतरवलेलं चित्रही घरच्यांना 'काहीतरी वेगळं' वाटतं ते यामुळेच. फोनमधलं ब्यूटी फिल्टरही बंद करा. ते सुरकुत्यांबरोबर गालाच्या हाडाची कडासुद्धा पुसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकुंचित होऊन येतो आणि डोळ्यांभोवतीच्या नाजूक छटा त्यात नाहीशा होतात.

सेल्फीत आणखी एक गफलत होते. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात. मराठी बाईच्या फोटोत हे चटकन तपासता येतं: नथ डाव्या नाकपुडीत आणि पदर डाव्या खांद्यावर. दोन्ही त्या बाईच्या उजव्या बाजूला, म्हणजे फोटोत आपल्या डावीकडे, दिसले तर फोटो उलटा आहे असं समजावं आणि सरळ करून घ्यावा. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी पाहावी. घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते.

गेलेल्या माणसाचं चित्र असेल तर आहे तोच फोटो घ्यावा लागतो. तो फ्रेममध्ये असेल तर काचेतून टिपू नका, बाहेर काढून शक्यतो स्कॅन करा. जुना फोटो काचेलाच चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर निघून येतो; अशा वेळी काचेसकट, उजेडाचं प्रतिबिंब टाळून, समोरून टिपावा. पासपोर्ट आकाराचा म्हणजे साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की साधारण ८२५ बाय १०६० पिक्सेल मिळतात. १२ सेंमी रुंदीच्या प्रिंटला तेवढे पुरतात. मूळ छोट्या फोटोवरून थेट काढायला मात्र जाऊ नका. त्यात चेहरा जेमतेम ३ सेंमीचा असतो, चित्रात तो १५ सेंमीचा होणार असतो. फोटोवर मोजताना झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूक कागदावर अडीच मिलिमीटरची होते.

जुन्या कृष्णधवल फोटोंबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. त्या काळात वापरात असलेल्या काही फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे कुंकू कोळशासारखं काळं येई आणि ओठही प्रत्यक्षापेक्षा गडद येत. असा फोटो समोर असेल तर कुंकवाचा गडदपणा चालेल, पण ओठ फोटोपेक्षा दोन छटांनी फिके करा. नाहीतर आजीनं लिपस्टिक लावल्यासारखं दिसतं.

फोटो दुसऱ्या छायाचित्रकाराचा असेल आणि चित्र विकायचं किंवा प्रदर्शनात लावायचं असेल, तर त्याची परवानगी घ्या.

सामान थोडंच, पण नेमकं

पेन्सिली पाच पुरतात: एचबी, २बी, ४बी, ६बी आणि ८बी. कॅम्लिन, अप्सरा किंवा डोम्सच्या संचात या मिळतात आणि शिकण्यासाठी उत्तम आहेत. एचबीपेक्षा कठीण, म्हणजे २एच वगैरे पेन्सिली रेखाटनाला वापरायचा मोह टाळा. त्यांचं टोक कागदात चर पाडतं. रेघ खोडली तरी चर राहतो आणि वरून छटा भरली की गालावर पांढरा ओरखडा उठतो.

कागद फोटोकॉपीचा नको. २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचा, किंचित पोत असलेला कार्ट्रिज किंवा ड्रॉइंग पेपर घ्या. खूप खरखरीत कागदावर त्वचा देवीच्या व्रणांसारखी दिसते. अगदी काचेसारख्या गुळगुळीत कागदावर दोन थरांनंतर पेन्सिल घसरायला लागते. दुकानात कागदावरून बोटाची पाठ फिरवून पाहा. हलकी खरखर जाणवली पाहिजे, रवा लागल्यासारखी नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण, गोव्याकडे, कागद हवेतली ओल ओढून घेतो. मऊ पडलेल्या कागदावर छटा डागाळते आणि खोडताना धागे सुटतात. पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि लागेल तेवढाच कागद बाहेर काढा.

खोडरबर दोन. एक मळता येणारं, दुकानात 'नीडेबल' म्हणून मागायचं. कणकेसारखं मळून त्याला हवं तसं टोक करता येतं आणि ते घासायचं नसतं. दाबून उचलायचं, की थोडं ग्रॅफाइट त्याला चिकटून येतं. दुसरं पेनसारखं बारीक टोकाचं खोडरबर. ते नसेल तर साधं पांढरं रबर कटरनं तिरकं कापून त्याची धार वापरा. शिवाय कागदी स्टंप (छटा घोटायची, घट्ट गुंडाळलेल्या कागदाची कांडी), एक मऊ ब्रश, ३० सेंमीची पट्टी, आणि हाताखाली ठेवायला कोरा कागद.

टोक शार्पनरनं नाही, कटरनं काढा. शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवा आणि पॉलिश पेपरवर फिरवून निमुळतं करा. असं लांब टोक आडवं धरून रुंद, मऊ छटा भरता येते. शार्पनरच्या आखूड टोकानं नुसत्या रेघा उमटतात.

चौकटी आखून रेखाटन

शाळेत नकाशा मोठा करायला शिकवतात तीच ही पद्धत. तिला कमी लेखू नका. हात बसेपर्यंत ती डोळ्याला मोजायला शिकवते, आणि पंचवीस-तीस चेहरे झाल्यावर चौकटी आपोआप मोठ्या आणि कमी होत जातात.

आकडे असे ठेवा. फोटोची १२ बाय १६ सेंमीची प्रिंट घ्या. बहुतेक फोनचे फोटो तीनास चार याच प्रमाणात असतात, त्यामुळे काटछाट फारशी करावी लागत नाही. प्रिंटवर २ सेंमीच्या चौकटी आखा: आडव्या सहा, उभ्या आठ, एकूण ४८. ए-फोर कागदावर मध्यभागी १८ बाय २४ सेंमीचा आयत काढा आणि त्यात ३ सेंमीच्या तेवढ्याच चौकटी आखा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर आणि वर-खाली जवळजवळ तीन-तीन सेंटिमीटर कागद मोकळा राहतो. तो पुढे फ्रेमिंगला लागतो. प्रिंटवर १० सेंमीचं डोकं कागदावर १५ सेंमीचं होईल. खऱ्या डोक्यापेक्षा हे लहान आहे आणि तसंच असावं. प्रत्यक्षाहून मोठा काढलेला चेहरा अंगावर येतो.

प्रिंट काढताना दुकानदाराला 'पानभर बसवा' म्हणू नका. फोटो एका बाजूनं ताणला जातो आणि माणूस रुंद किंवा लांबोडका होतो. प्रिंट हातात आल्यावर पट्टी लावून पाहा: रुंदी १२ असेल तर उंची १६ च हवी.

स्तंभांना अ, ब, क आणि ओळींना १, २, ३ अशी खूण करा. चौकटीच्या रेघा एचबीनं इतक्या फिक्या आखा की हातभर अंतरावरून जेमतेम दिसाव्यात. गडद आखलेली रेघ कपाळावरून पूर्ण जात नाही, आणि कपाळ तर चेहऱ्याचा सर्वांत उजळ भाग.

आता प्रत्येक चौकटीत 'डोळा' किंवा 'नाक' काढायचं नाही. रेघ चौकटीच्या कडेला कुठे छेदते एवढंच पाहायचं: कडेच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्शावर की कोपऱ्याला लागून. ते बिंदू आधी टिंबांनी मांडा, मग जोडा. डोळा, नाकपुडी आणि ओठांच्या कोपऱ्यांच्या चौकटी आणखी निम्म्या करा: फोटोवर १ सेंमी, कागदावर दीड. मन सारखं दगा देतं. त्याला 'डोळा' माहीत असतो, म्हणून ते बदामी आकार काढायला लावतं. फोटो आणि कागद दोन्ही उलटे करून काढलं की ते नाव विसरतं आणि हात समोर दिसतं ते काढतो.

बाह्यरेषेबरोबर सावल्यांच्या सीमाही आखा. गालावर उजेड संपून सावली कुठे सुरू होते, नाकाची सावली ओठावर कुठपर्यंत येते, हनुवटीखालची सावली मानेवर कशी वळते, ही सगळी बेटं नकाशातल्यासारखी फिक्या रेघेनं काढून घ्या. साम्याचा मोठा वाटा यांच्यातच असतो आणि बहुतेक नवशिके हाच टप्पा गाळतात.

ट्रेसिंग करावं का, असा प्रश्न येतो. वेळ कमी असेल तर करा, पाप नाही. पण कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणकट रेघ खोडली जात नाही आणि वर ग्रॅफाइट बसत नाही. प्रिंटच्या मागे ४बी घासून तीच कार्बनसारखी वापरा. नुसतं ट्रेसिंगच करत राहिलं तर डोळा मोजायला शिकत नाही, हे त्याचं खरं नुकसान.

रेखाटन खरं उतरलं का?

समोरून काढलेल्या प्रौढ चेहऱ्यासाठी काही ढोबळ प्रमाणं पाठ असू द्या. डोळ्यांची रेषा डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या मध्यावर येते, कपाळात वर नाही. नवशिक्यांची ही पहिल्या नंबरची चूक: डोळे वर जातात आणि डोकं चपटं होतं. केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ, तळापासून हनुवटी हे तीन भाग साधारण सारखे असतात. डोळ्यांच्या पातळीवर चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी भरते. १५ सेंमी उंचीच्या डोक्यात डोळा साधारण २ सेंमीचा आणि दोन बाहुल्यांच्या केंद्रांमधलं अंतर ४ ते साडेचार सेंमी येतं. लहान मुलांत डोळ्यांची रेषा मध्याच्या खाली असते. ती मध्यावर आणली की मूल मोठ्या माणसाचं छोटं रूप दिसतं.

ही प्रमाणं नियम म्हणून लादायची नाहीत. समोरचा चेहरा सरासरीपेक्षा कुठे वेगळा आहे हे शोधायला ती वापरायची. नाक-ओठांतलं अंतर नेहमीपेक्षा लांब आहे का? एक डोळा किंचित खाली आहे का? दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असलेला चेहरा क्वचितच आढळतो, आणि तो फरक 'सुधारला' की माणूस हरवतो.

मग पट्टी उभी धरून फोटोत पाहा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडीची कड येते की थोडी आत-बाहेर? ओठाचा कोपरा बुबुळाच्या कोणत्या भागाखाली येतो? तीच तपासणी कागदावर करा. शेवटी रेखाटन आरशात पाहा, किंवा त्याचा फोटो काढून फोनमध्ये उलटा करा. कलता जबडा, घसरलेला डोळा लगेच डोळ्यात भरतो. या टप्प्यावर दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. शेडिंगनंतर तीच दुरुस्ती केली तर कागद फाटेपर्यंत खोडावं लागतं.

एक रात्र मध्ये जाऊ द्या. सकाळी पुन्हा पाहा, मगच चौकटी पुसा.

छटा: कोरा कागद फसवतो

फोनवर फोटोचं सॅच्युरेशन शून्य करून कृष्णधवल प्रत जवळ ठेवा. शेजारच्या कागदाच्या पट्टीवर २ सेंमीच्या सात चौकोनांत पांढऱ्यापासून तुमच्या सर्वांत काळ्या छटेपर्यंत पायऱ्या करा. पहिला कोरा, दुसरा-तिसरा एचबी, चौथा २बी, पाचवा ४बी, पुढचे ६बी आणि ८बी. जाड कागदाला अर्ध्या सेंटिमीटरचं भोक पाडून ते फोटोवर ठेवा आणि दिसणारी छटा पट्टीशी ताडा. भोकातून पाहिलं की धक्का बसतो: डोळ्यातला 'पांढरा' भाग बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर असतो, आणि दात तर त्याहूनही गडद.

पांढऱ्या कागदावर पहिली छटा नेहमी हवी त्यापेक्षा काळी वाटते. म्हणून हात आखडतो आणि सगळं चित्र करडं, धुतल्यासारखं राहतं. उपाय एकच. सुरुवातीलाच दोन-तीन जागी पूर्ण काळं भरून टाका: बाहुल्या, ओठांमधल्या रेषेचा मध्य, कानामागच्या केसांतली खोल सावली. आता त्यांच्याशी तुलना करून बाकीच्या छटा बसवता येतात.

छटा थरांनी चढवायची. पेन्सिल मागे धरा, तिच्या वजनाइतकाच दाब द्या, रेघा जवळजवळ आणि आडव्या टोकानं. दुसरा थर थोड्या वेगळ्या दिशेनं, तिसरा आणखी वेगळ्या. गालावर, कपाळावर रेघा आकाराच्या वळणानं जाऊ द्या. जोर लावून एकाच थरात काळं करायला गेलं की कागदाचा पोत दबतो, ग्रॅफाइटच्या चपट्या पापुद्र्यांचा सपाट थर बसतो आणि तो भाग आरशासारखा चकाकतो. बाजूनं पाहिलं तर काळे केस चंदेरी दिसतात. ही चकाकी नंतर जात नाही. अगदी काळा केशसंभार किंवा काळा कोट असेल तर तो भाग चारकोल पेन्सिलीनं करावा, पण कोऱ्या कागदावर. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत थरावर चारकोल धरत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी ज्यांनी तांब्या-माठ काढले आहेत, त्यांना उजेडाचे पाच भाग आठवत असतील: चमक, उजेड, मधली छटा, गडद सावली आणि कडेचा परावर्तित उजेड. चेहरा म्हणजे असेच वीस-पंचवीस छोटे माठ. कपाळ एक, नाकाचा शेंडा एक, दोन्ही गाल, हनुवटी, डोळ्याचा गोळासुद्धा. जबड्याच्या कडेला गळ्यावरून परतलेला उजेड दिसतो. तो दाखवा, पण उजेडाच्या बाजूपेक्षा तो नेहमी गडदच ठेवा. जास्त उजळला की चेहरा पत्र्याचा वाटतो.

स्टंप दोन थर झाल्यावरच, हलक्या हातानं. बोटानं कधीच घासू नका. बोटाचा तेलकटपणा कागदात उतरतो, त्या जागी ग्रॅफाइट जास्त धरतं आणि ठशासारखा डाग कायम राहतो. सगळा चेहरा स्टंपनं घोटला तर मेणाचा पुतळा होतो. घोटून झाल्यावर धारदार एचबीनं वर पुन्हा एक थर द्या, त्वचेचा पोत परत येतो.

सावळ्या रंगाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. पेन्सिलचित्रांत माणसं गोरी करून टाकायची सवय फार खोल गेली आहे. सावळ्या आजोबांचं गोरं चित्र म्हणजे चुकलेलं चित्र, मग डोळे कितीही हुबेहूब असोत. सावळ्या त्वचेसाठी चमकेच्या जागा सोडून सगळ्या चेहऱ्यावर आधी २बीचा एकसारखा थर द्या, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. सावल्या तिथून पाचव्या-सहाव्यापर्यंत न्या. अशा त्वचेवर कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड इथली चमक लहान आणि धारदार असते. ती नीडेबल रबराचं टोक दाबून उचला. चमक जितकी नेमकी, तितका रंग जिवंत.

डोळे, नाक, ओठ

वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते. पूर्ण वर्तुळ दिसलं तर माणूस दचकलेला वाटतो. पापणीची सावली डोळ्याच्या पांढऱ्यावर पडते, ती वरच्या कडेला गडद भरा. बुबुळाचा वरचा भाग गडद, आणि चमकेच्या समोरच्या खालच्या बाजूला थोडा उजळ. चमक दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या एकाच काट्यावर असावी. एकात दहावर आणि दुसऱ्यात दोनवर गेली की नजर फुटते. खालच्या पापणीला जाडी असते, तिची अरुंद उजळ पट्टी सोडा. पापण्यांचे केस अगदी शेवटी: मुळाशी टेकवून, झटका देत वर उचलायचे, दोन-तीनांचे झुबके करत. एकसारख्या अंतरावर काढले तर कंगवा होतो.

नाकाला बाह्यरेषा नसते. दोन्ही बाजूंनी रेघा ओढून काढलेलं नाक चिकटवल्यासारखं दिसतं. एका बाजूची सावली, शेंड्याखालची सावली आणि नाकपुड्या एवढ्यावर नाक उभं राहतं. नाकपुड्यांच्या कडा मऊ ठेवा, भोकासारख्या कापू नका.

ओठांतली सर्वांत गडद गोष्ट म्हणजे त्यांच्यामधली रेषा, आणि तीही सगळीकडे सारखी नसते. कोपऱ्यांशी आणि मध्यावर जाड, मध्ये पातळ. उजेड वरून असेल तर वरचा ओठ गडद आणि खालचा उजळ येतो. हसणाऱ्या चेहऱ्यात दातांमध्ये रेघा मारू नका; सगळे दात मिळून एक छटा धरा, हिरड्यांशी टोकं सुचवा, कोपऱ्यांकडे गडद करत न्या. दात मोजून काढले की माणूस कवळी दाखवत असल्यासारखा दिसतो.

सुरकुती ही रेघ नसून घडी आहे. तिच्या एका बाजूला सावली आणि लगेच दुसऱ्या बाजूला उजेड असतो. आजी-आजोबांच्या चित्रात नुसत्या रेघा मारल्या की त्वचा भेगाळलेल्या जमिनीसारखी होते. आधी मऊ छटा, मग तिच्या गडद कडेला बारीक टोक, मग शेजारी रबरानं उजळ पट्टी.

चष्म्याच्या मायनस, म्हणजे दूरचं पाहायच्या नंबरच्या काचेतून चेहऱ्याची कड आत सरकलेली दिसते. ती तुटलेली कड तशीच काढा; सरळ जोडली तर काच साधी वाटते.

केस, कुंकू, गजरा, नथ

केस एकेक काढायचे नाहीत. आधी सगळा केशसंभार एक वस्तू म्हणून पाहा, त्याला मधली छटा द्या, मग खोल सावल्या ४बी-६बीनं, मग चमकेचा पट्टा रबरानं. तेल लावून चापून विंचरलेल्या केसांत हा पट्टा माथ्याच्या गोलाईवरून रिबिनीसारखा जातो. सुटे केस शेवटी, वीस-पंचवीस पुरे. भांगाची रेघ कोरी पांढरी सोडू नका, कपाळाच्या छटेचीच ती असते. कपाळाला केस भेटतात तिथली कड मऊ हवी, नाहीतर टोप घातल्यासारखं दिसतं.

रंगीत फोटो कृष्णधवल केला की सावळ्या कपाळावरचं लाल कुंकू बऱ्याचदा त्वचेतच मिसळून जातं. तिथे फोटोपेक्षा आपला निर्णय महत्त्वाचा: कपाळाच्या छटेहून दोन पायऱ्या गडद भरा, कड स्वच्छ ठेवा. डोकं वळलेलं असेल तर कुंकूही कपाळाच्या वळणानं लांबट दिसतं, पूर्ण गोल काढू नका.

गजऱ्याची पांढरी फुलं पेन्सिलीनं काढता येत नाहीत. भोवतीचे काळे केस काढता येतात. फुलांचे आकार कोरे सोडून मधल्या फटी ६बीनं भरत जा, फुलं आपोआप वर येतात. नथीचे मोती तसेच: प्रत्येकाला एक लहान चमक, तिच्या समोरच्या कडेला सावली आणि गालावर पडणारी नथीची बारीक सावली. ती सावली राहिली तर नथ गालावर छापल्यासारखी दिसते. पांढऱ्या टोपीला बाह्यरेषा देण्यापेक्षा मागची पार्श्वभूमी फिकट करडी करा.

पूर्ण झाल्यावर

चित्र भिंतीला टेकवून सहा-सात फुटांवरून पाहा. चेहरा तिथून ओळखू येत नसेल तर पापण्या वाढवून उपयोग नाही. सावल्यांची बेटं फोटोशी पुन्हा ताडा. बहुतेक वेळा गालाखालची आणि हनुवटीखालची सावली एक पायरी कमी पडलेली असते.

फिक्सेटिव्ह (ग्रॅफाइट कागदावर पक्कं करणारा फवारा) मारण्याआधी सगळ्या चमका उचलून घ्या, नंतर रबर चालत नाही. चित्र उभं ठेवून, उघड्या हवेत, साधारण ३० सेंमीवरून फवारा. फवारा कागदाबाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, नाहीतर पहिला थेंब गालावर पडतो. दोन पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. पावसाच्या दिवसांत दमट हवेत फवारू नका, पांढुरकी झाक येऊ शकते. छटा थोडी गडद होते, म्हणून आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून पाहा.

फ्रेम करणाऱ्याला माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लावायला आवर्जून सांगा. काच चित्राला थेट टेकली की ग्रॅफाइट तिला लागतं आणि पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. माउंटच्या जाडीनं मध्ये हवा राहते. फ्रेम बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावा, आणि मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे ती भिंतीपासून थोडी सुटी राहील.